वाचून न दाखवलेलं

सोमवारी सकाळी त्या बटणाने तिला ‘जपून गं’ म्हटलं नाही. नुसतं ‘डिलीट’ म्हणालं, तेही एका अनोळखी बाईच्या आवाजात, सावकाश, बक्षीस समारंभात नावं पुकारतात तसं. तिचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, आणि संगणक म्हणजे तिच्यापुरता एक आवाज होता; इतका भरभर बोलणारा, की शेजारच्या टेबलावरच्यांना तो टोळ किरकिरल्यासारखा वाटायचा. इस्पितळाच्या या खोलीत एक्स-रेचे रिपोर्ट टाइप होत. डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवत आणि खोलीतल्या बायका ते ऐकून उतरवून काढत. तिच्या डाव्या कानात डॉक्टर असायचा, उजव्या कानात पडदा वाचणारा आवाज, आणि पायाखाली डॉक्टरला थांबवायचं पॅडल. तीन-चार लगाम एकदम सांभाळल्यासारखं ते काम होतं आणि ती ते इतक्या सराईतपणे करायची, की नव्या मुलींना पहिल्या दिवशी खोलीच्या प्रमुख मोठ्या बाई तिच्या मागे आणून उभ्या करत. आज मात्र दोन्ही कानांत माणसं बोलत असूनही तिला पहिल्यांदाच आपण एकट्या बसलो आहोत असं वाटलं.

शनिवार-रविवारात इस्पितळाची सगळी यंत्रणा बदलली होती. जुन्या प्रणालीत बटणांच्या जागी चित्रं होती, आणि चित्रांना नावं द्यायचं करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती या खुर्चीवर बसली तेव्हा पडदा तिला एवढंच सांगत होता: बटण, बटण, बटण, बटण. संध्याकाळपर्यंत तिने राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवली होती. मग संगणक विभागातला एक माणूस स्टूल ओढून शेजारी बसला. त्याच्या अंगाला तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत होता. ‘हे बटण कशाचं आहे ते मी यंत्राला सांगून ठेवतो,’ तो म्हणाला, ‘म्हणजे ते तुम्हाला सांगेल.’ त्याने स्क्रिप्ट लिहिल्या. अमुक खिडकी उघडली की आधी हे वाच, मग त्या रकान्यात जा, ही कळ दाबली की पेशंटचं वय सांग. एकेक बटण तिच्यासाठी नाव घेऊन उभं राहिलं. पुसून टाकायच्या बटणाला त्याने ‘डिलीट’ असं नाव दिलं होतं. पुढे दोघांचं लग्न ठरल्यावर एके दिवशी त्याने तिला काही न सांगता ते बदललं. रिपोर्ट संपवून ती त्या बटणावरून पुढे चालली होती, आणि यंत्र आपल्या कोरड्या, घाईच्या आवाजात म्हणालं, ‘जपून गं.’ ती एकटीच हसली होती. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, काय झालं गं, पोटदुखीच्या पेशंटमध्ये हसण्यासारखं काय सापडलं? तेव्हापासून रोज, प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी, पोटदुखी असो की हाड मोडलेलं, कुणीतरी तिला जपायला सांगत आलं होतं.

‘आता स्क्रिप्टबिप्टची गरजच नाही, मॅडम,’ नवी यंत्रणा बसवायला आलेला माणूस म्हणाला. त्याला सर्दी झाली होती आणि प्रत्येक वाक्यानंतर तो नाक ओढत होता. ‘बाहेरची स्क्रिप्ट आता चालणारच नाही. सुरक्षेचा प्रश्न असतो. हा नवा मदतनीस स्वतःच पडदा बघतो आणि काय दिसतंय ते सांगतो. कुणी शिकवायला नको.’

‘मला वेग लागतो,’ ती म्हणाली.

‘वेग वाढवता येतो की. आणि महत्त्वाचं तेवढंच सांग, असंही सांगता येतं त्याला.’

‘महत्त्वाचं काय, ते कोण ठरवणार?’

‘तोच ठरवतो. हुशार आहे.’ त्याने नाक ओढलं. ‘सध्या मी सगळं वाच असंच ठेवलंय. अगदीच नाही जमलं तर तुमच्यासाठी जुनी सोय राहू देता येईल, तशी एक सवलत आहे. पण उद्या सकाळपर्यंत सांगा. नंतर माझ्याही हातात राहणार नाही.’

तिने तेव्हाच, मनातल्या मनात, जुनी सोय मागून टाकली होती. नवा मदतनीस पाहुण्यासारखा वागत होता. दिसेल त्याचं वर्णन. डावीकडे राखाडी पट्टी आहे. पट्टीत इस्पितळाचं चिन्ह आहे. खाली रिकामी चौकट आहे. ती दात आवळून पुढे ढकलत होती. छातीच्या फोटोचा पहिला रिपोर्ट तिने कसाबसा संपवला आणि पाठवायची कळ दाबणार एवढ्यात मदतनीस म्हणाला, ‘वर उजवीकडे पिवळी पट्टी आहे. पट्टीवर लिहिलं आहे: दुबार तपासणी चालू. या टेबलावरचे सर्व रिपोर्ट टेबल चारकडे जातील, ध्वनिफितीशी ताडून पाहिल्यावर पुढे पाठवावेत. पाठवू का?’

टेबल चार म्हणजे शेजारचं टेबल. तिथे बसणाऱ्या बाईंना ती मनात ‘शिट्टी’ म्हणायची, कारण त्यांच्या नाकातून श्वासागणिक एक बारीक शीळ निघायची, आणि एकदा चुकून तोंडातून तसं गेल्यावर बाईच हसत म्हणाल्या होत्या, राहू दे गं, निदान मी आले की तुला कळतं तरी. दोघींचा डबा एकत्र असायचा. नवी यंत्रणा आली म्हणून नवे नियम आले असणार, असं समजून तिने हेडफोन गळ्यात ओढला. ‘ऐकलंत का? आता माझे रिपोर्ट तुमच्याकडे तपासायला येणार म्हणे. डोक्यावर पिवळी पट्टी लावलीये. वाढवलं बघा तुमचं काम.’

शीळ थांबली. माणूस श्वास रोखतो तेव्हा त्याच्या भोवतालची हवा बदलते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. भेट म्हणून आणलेली बाहुली फुटली तेव्हा आईभोवतीची हवा अशी झाली होती.

‘नवी नाही गं ती,’ शेवटी शिट्टी म्हणाली.

‘काय नवी नाही?’

‘पट्टी. पहिल्यापासून आहे. जुन्यातही होती, तिथेच, वरती.’ मग घाईघाईने, ‘मला वाटलं तुला ठाऊक आहे. म्हणजे आधी वाटलं नव्हतं. नंतर वाटायला लागलं. तो म्हणाला होता ना, मी सांगेन तिला.’

‘कोण तो?’ तिने विचारलं, आणि हे विचारणं किती मूर्खपणाचं आहे ते विचारतानाच तिला कळलं.

पुढे तिने जे विचारलं ते एखाद्या तिसऱ्याच बाईच्या वतीने चौकशी करावी तशा आवाजात विचारलं. चुका असायच्या का? असायच्या की, सगळ्यांच्याच असतात, तुझ्या कमीच. कसल्या? शिट्टी अडखळली. फासळ्यांचे आकडे, ती म्हणाली. पाचवीची सहावी, सातवीची आठवी. तो जाड्या आवाजाचा डॉक्टर आकडे गिळतो ना, त्याच्यात जास्त. मग काय करायच्या तुम्ही? दुरुस्त करून पाठवायची, काय त्यात. आणि मला? ‘तुला काय सांगायचं,’ शिट्टी म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच चीड होती, ‘जेवण झालं की तू अर्धा तास पाय मोकळे करायला जातेस, आठवतं? मी का येत नाही म्हणून चिडवायचीस. खुर्चीला चिकटलात म्हणायचीस. तुझेच ऐकत बसायची मी. मला काय हौस होती?’ डाव्या कानातला डॉक्टर गळ्यातल्या हेडफोनमधून कुणाच्यातरी गुडघ्याबद्दल बारीक आवाजात बोलतच होता. तिने पॅडल दाबलंच नव्हतं.

दिवसभर ती काम करत राहिली, आणि काम करता करता तिला एकेक शांतता आठवत गेली. बोलणं कुणीही लक्षात ठेवतं; तिच्या लक्षात न बोलणं राहायचं, कारण त्या पोकळीतच समोरच्याचा चेहरा असतो असं ती मानायची. मोठ्या बाईंच्या निवृत्तीला तिला दोन शब्द बोलायला लावलं होतं आणि ती म्हणाली होती, या टेबलावरून गेलेला एकही रिपोर्ट कधी परत आला नाही, हे मी इथेच शिकले. टाळ्या वाजल्या, पण एक क्षण उशिरा. तो क्षण तिने तेव्हा आपल्या बाजूने लावून घेतला होता, भारावले, असं. नव्या मुलींना ती सांगायची, आकडा आला की दोनदा ऐका, माझा आजवर चुकलेला नाही. मुली गप्प. आदराने, तिला वाटायचं. आता त्या सगळ्या शांतता एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी कुणीतरी कुणाकडे तरी बघत होतं. चुका झाल्या याचं तिला तितकं काही वाटत नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. पाचवीची सहावी झाली होती, तर ती तिने केली होती. ती तिची होती. हातात दिली असती तर तिने ती उलटीसुलटी करून पाहिली असती, जाड्या आवाजाच्या डॉक्टरपाशी पॅडल जास्त वेळा दाबलं असतं, महिन्याभरात सुटली असती. इतकी वर्षं ती तीच चूक, त्याच जागी, त्याच आत्मविश्वासाने करत आली, आणि बाजूला कुणीतरी मुकाट्याने पुसत होतं. लहान मुलाच्या मागे फडकं घेऊन फिरतात तसं.

संध्याकाळी ती नेहमीच्या रस्त्याने बसथांब्याकडे निघाली. डावीकडे चाव्या बनवणाऱ्याची कानस, पुढे धुलाईच्या दुकानाची गरम वाफ, मग कोपऱ्यावर फरशी हलते तिथे पाय जपून. हे सगळं तिने स्वतः शोधलेलं होतं, यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आज ती ते मुद्दाम मोजल्यासारखं तपासत चालली. कानस खरी होती. वाफ खरी होती. बाकीचं मात्र, एकदा सुरुवात केल्यावर, संपेना. बैठकीच्या खोलीची भिंत फिकट पिवळी आहे. समोरच्या इमारतीतली म्हातारी रोज हात हलवते. तुला हा रंग शोभतो. मेल काही विशेष नाही. फोटो छान आलाय, तू हसतेयस. वर्षानुवर्षं एकाच माणसाने हे जग तिला वाचून दाखवलं होतं आणि त्याच्या आवाजावर तिने एवढी भिस्त ठेवली होती, की कधी कधी तो सांगतोय हेच ती विसरायची; तिला स्वतःला दिसतंय असं वाटायचं. थांब्यावर शेजारी कुणी बाई उभी होती, ओल्या छत्रीचा वास येत होता. ‘अहो,’ तिने विचारलं, ‘माझा स्वेटर कोणत्या रंगाचा आहे?’ घरी तो मोरपंखी म्हणून ठरलेला होता.

‘निळा,’ बाई म्हणाली. मग थोडी जवळ आली असावी. ‘हिरवट म्हटलं तरी चालेल. राखाडीच वाटतोय आता, उजेड कमी आहे ना. का हो?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. बस येईपर्यंत ती बाई बिचारी स्वतःशीच निळा की हिरवा करत राहिली.

घरात तेलात कांदा पडल्याचा आवाज होता आणि नवरा गुणगुणत होता. इस्पितळ सोडून त्याला बराच काळ झाला होता. आता तो घरी बसून निरनिराळ्या कचेऱ्यांसाठी स्क्रिप्ट लिहायचा. पण अलीकडे फोन कमी येत. जो तो म्हणे, आता मदतनीसालाच तोंडाने सांगतो, तो करतो. गेल्या आठवड्यापासून तो जरा जास्तच गुणगुणत होता.

‘आलीस? काय म्हणतोय तुमचा नवा शहाणा?’ त्याने झारा आपटला. ‘ऐक, मी मार्ग काढलाय. तुझ्या नावाने सवलत माग, बाकी मी बघतो. जुनी स्क्रिप्ट थोडी बदलली की नव्यावरही चालेल. दुपारभर तेच करत होतो. अगं, ते यंत्र अंदाज बांधतं, अंदाज! बाटलीला फुलदाणी म्हणेल. माझ्या स्क्रिप्टने कधी अंदाज बांधला? जे सांगितलं तेच करायची. तेवढंच, अगदी तेवढंच.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘अगदी तेवढंच.’

तिने काठी भिंतीला टेकवली, खुर्ची शोधली, बसली. स्वेटर काढायचा राहून गेला. ‘पिवळी पट्टी वाचली त्याने,’ ती म्हणाली.

कांदा तडतडत राहिला. मग गॅसची कळ वळल्याचा आवाज आला, आणि तडतड हळूहळू विझत गेली. ‘शिट्टीने सांगितलं नव्हतं ना कधी?’ त्याने विचारलं.

‘तू पहिलं हे विचारतोयस?’

‘नाही, म्हणजे.’ तो टेबलाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. ‘पट्टी त्यांनी लावली होती. मोठ्या बाईंनी. तू यायच्या आधीच ठरलं होतं, आंधळी बाई घेताय तर दुबार तपासणी ठेवा. मी भांडलो, विचार त्यांना. पट्टी काढणं माझ्या हातात नव्हतं. न वाचणं हातात होतं.’

‘मी विचारलं होतं तुला. पडद्यावर आहे ते सगळं वाचेल ना? तू म्हणालास, आहे ते सगळं.’

‘पहिल्या आठवड्यात! तू सोडून जायच्या बेतात होतीस. ती ओळ दिवसातून पन्नासदा ऐकून तू टिकली असतीस?’

‘नसते टिकले. किंवा टिकले असते. ते मी ठरवलं असतं.’

‘मग आपण भेटलोच नसतो,’ तो म्हणाला, आणि हे त्याने अगदी प्रामाणिकपणे म्हटलं. हा माणूस तिच्यावर प्रेम करत होता, यात तिला आत्ताही शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं. रागावणं सोपं गेलं असतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की त्यांच्यातली सगळ्यात पहिली गोष्ट, स्टूल ओढून शेजारी बसण्याच्याही आतली, ही वगळलेली ओळ होती, आणि बाकीचा सगळा संसार तिच्यावरून वळसा घेऊन गेला होता. उद्या सकाळी त्या सर्दीवाल्याला काय सांगायचं? नवा मदतनीसही एक दिवस महत्त्वाचं तेवढंच सांगायला लागणार होता. पण त्याने निदान विचारलं होतं. पाठवू का, म्हणाला होता.

‘अजून काय काय?’ तिने विचारलं.

‘काय अजून?’

‘अजून काय काय वाचलं नाहीस? घरी. बाहेर. उद्या मला सवलत मागायची की नाही ते सांगायचंय. तेवढं कळू दे.’

तिला वाटलं होतं तो म्हणेल, काही नाही गं. किंवा एखादी गोष्ट सांगेल, तीही ओढून काढावी लागेल. त्याने खुर्ची ओढली. ‘जाहिराती,’ तो म्हणाला. ‘त्या तर तुला माहीतच आहेत. मग तुझ्या धाकट्या बहिणीचं एक. आपण भिंतींचा रंग ठरवत होतो तेव्हा तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, तिला कशाला विचारता, तिला काय फरक पडतो. दोन-तीन दिवस मी तो ग्रुप गप्प ठेवला होता. मामा आजारी होते तेव्हाचे फोटो. फार वाईट होते, आणि खाली त्यांनी बरंच लिहिलं होतं. तुझे केस. तू विचारलंस तेव्हा मी थोडे पांढरे झालेत म्हणालो, बरेच झालेत. समोरची म्हातारी मागेच वारली. तू हात हलवायचीस सकाळी, म्हणून.’

त्याचा आवाज सैल होत चालला होता. सुरुवातीला तो एकेक वाक्य पुढे सरकवत होता, आता वाक्यं आपोआप येत होती, मध्ये श्वाससुद्धा नीट घेत नव्हता. कितीतरी दिवस हे कुणाला दाखवायला मिळालं नव्हतं, हे तिला कळलं. एवढं बारीक काम, इतक्या वर्षांचं, आणि बघणारं कुणी नाही. ‘तुझ्या शाळेचं पत्र आलं होतं, मेलवर,’ तो त्याच सुरात म्हणाला. ‘तुझ्या जुन्या शाळेचं, वसतिगृहवाल्या. नव्या मुलींना टायपिंग शिकवायला बोलावत होते, कायमचं, राहायची सोय तिथेच. माझं इथे नुकतं कुठे बस्तान बसत होतं. आणि तू गेली असतीस, तुला मी ओळखतो. एकदा वगळून भागणार नव्हतं, ते परत लिहिणार, म्हणून त्या पत्त्यालाच नियम लावून टाकला. आलं की थेट बाजूला. लिहीत होते बरेच दिवस. हल्ली नाही येत.’ आणि थांबला नाही. ‘मग ते दाताच्या डॉक्टरांचं...’

आवाज तोच होता. म्हातारीसाठी, केसांसाठी आणि शाळेसाठी एकच. कुठे खाली-वर नाही, एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जाताना उंबरठा लागल्याची खूण नाही. तिने कान लावून पाहिलं. याच आवाजाने तिला रंग सांगितले होते. पडदा वाचणारं यंत्र मध्येच गप्प करायचं असेल तर कळफलकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली एक कळ दाबायची असते. ते कितीही वेगात असलं तरी शब्दाच्या मध्यावर तुटतं. तिची करंगळी टेबलाच्या कडेवर जाऊन दाबली गेली. लाकूड होतं. तिने पुन्हा दाबली, जोराने, नख दुखेपर्यंत. तो पुढच्या गोष्टीवर गेला होता.